जुनं शिअरलिंग फ्लाइट जॅकेट घेताय? आधी टेप काढा

नागपुरात राहून लोकरीचं चामडी जॅकेट कशाला, असं घरचे विचारतातच. मे महिन्यातले ४५ अंश आठवले तर त्यांचं म्हणणं पटतंही. पण २९ डिसेंबर २०१८ ला याच शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आणि थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला दुचाकी काढून वर्धा रोडने बुटीबोरीला ड्युटीवर जाणाऱ्याला विचारा, दोन स्वेटर घालूनही वारा छातीत कसा शिरतो ते. शिवाय दरवर्षी लडाख-स्पितीला जाणारी मंडळी आहेत, कॅनडाला शिकायला निघालेली पोरं आहेत. या सगळ्यांना कधी ना कधी शिअरलिंगचं जॅकेट खुणावतं, किंमत ऐकून धाप लागते आणि मग जुन्याचा शोध सुरू होतो.

शिअरलिंग म्हणजे लोकरीसकट कमावलेलं मेंढीचं कातडं. लोकर आत, कातडं बाहेर, मध्ये शिवण नाही आणि वेगळं अस्तरही नाही. ही रचनाच त्याच्या उबेचं कारण आहे आणि मापात फसण्याचंही. साधं लेदर जॅकेट घ्यायची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकतो. ते का आणि कसं टाळायचं, हे खाली क्रमाने लिहितो. मापाचा भाग लांबला आहे, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. तो वगळून पुढे जाऊ नका.

१. कुठल्या थंडीसाठी हवंय ते आधी ठरवा

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण १० ते १३ अंशांत खेळतं. दुपारी ऊन चढलं की हाफ शर्टात फिरता येतं. अशा हवेत अर्धा इंच जाड लोकरीचं जॅकेट पहाटे आणि रात्री गाडीवर छान, पण पायी चालायला लागलात की दहा मिनिटांत घाम फुटतो. तेव्हा फक्त शहरातल्या वापरासाठी हवं असेल तर आखूड, पातळ लोकरीचं बघा. हिमालय किंवा परदेश असेल तरच जाड घ्या. दोन्हींसाठी एकच जॅकेट चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मधलं घेणारा दोन्हीकडे अर्धवट राहतो.

२. नावं ओळखा, नाहीतर भलतंच गळ्यात पडेल

जाहिरातीत सरसकट ‘बॉम्बर’ किंवा ‘पायलट जॅकेट’ लिहिलेलं असतं. त्याखाली सहा वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

बी-३ हे सगळ्यात जाड. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाने १९३४ मध्ये स्वीकारलं आणि दुसऱ्या महायुद्धात बी-१७, बी-२४ या बॉम्बफेकी विमानांतल्या माणसांनी ते घातलं. त्या विमानांत हवेचा दाब राखलेला नसे, २५,००० फुटांवर आत उणे ४० अंशांपर्यंतची थंडी असे. गळ्याशी दोन चामडी पट्टे आणि सैल, सरळ घेर, ही ओळख.

अर्विन हे ब्रिटिश हवाई दलाचं. लेस्ली अर्विन या पॅराशूट बनवणाऱ्या अमेरिकी माणसाने इंग्लंडमधल्या लेचवर्थला कारखाना काढला होता, जॅकेट त्याच्याच नावाने ओळखलं जातं. लांबीला आखूड, कमरेला पट्टा, बाह्यांना मनगटापासून वर जाणारी चेन. हातमोजे आत सरकवायला ती चेन फार सोयीची.

डी-१ आणि बी-६ हे पातळ लोकरीचे भाऊबंद. डी-१ तर विमानात बसणाऱ्यांसाठी नव्हतंच, जमिनीवर इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांसाठी होतं. म्हणूनच त्यात हात मोकळे हलतात. माझं स्पष्ट मत: नागपूरच्या थंडीला आणि दुचाकीला यांच्या अलीकडे शिवलेल्या नकलांइतकं योग्य दुसरं काही नाही.

जी-१ आणि ए-२ हे शिअरलिंग नव्हेतच. जी-१ ला फक्त कॉलरवर फर असते, ए-२ ला तीही नाही. दोन्हींत आत कापडी अस्तर. जॅकेट म्हणून उत्तम, पण शिअरलिंगच्या भावात घेऊ नका.

आणि हो, महायुद्धातलं खरंखुरं जॅकेट वापरायला घेऊ नये. ऐंशी वर्षांत कातडं सुकून गेलेलं असतं, खांद्याला ताण आला की कागदासारखं फाटतं. ते जपून ठेवणाऱ्यांसाठी आहे. आपल्याला हवी ती अलीकडच्या काळात बनलेली, वापरलेली, चांगल्या कातड्याची नक्कल.

३. आपलं माप घरीच घेऊन ठेवा

ही मापं इंचात, शर्ट घालून, दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या. स्वतःची छाती स्वतः मोजताना हात वर जातो आणि माप बिघडतं.

– छातीचा घेर, काखेखालून, श्वास रोखून न धरता
– खांदा ते खांदा, पाठीवरून
– दंडाच्या सर्वांत जाड भागाचा घेर, कोपर वाकवून
– खांद्याच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंत, कोपर थोडं वाकवून
– मानेच्या हाडापासून पँटच्या पट्ट्यापर्यंत
– कमरेखालच्या भागाचा घेर (बायकांनी हे माप टाळू नये; ही जॅकेटं पुरुषी घाटाची सरळ असतात, छातीला बसलेल्याची चेन खाली लागत नाही असं होतं)

आता मुख्य गोष्ट. जॅकेट टेबलावर उताणं, चेन लावून पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत माप घ्या आणि दुप्पट करा. साध्या लेदर जॅकेटला हा आकडा पुरतो. शिअरलिंगला पुरत नाही, कारण आपण बाहेरून मोजलं आणि अंग बसणार आहे आत. डावीकडच्या काठाला एक जाडी, उजवीकडच्या काठाला एक जाडी, आणि हे पुढच्या-मागच्या दोन्ही अंगांना. म्हणजे दुप्पट केलेल्या आकड्यातून कातडं आणि लोकर मिळून जी जाडी आहे तिच्या चौपट वजा करायची.

उदाहरण घ्या. तुमची छाती ३८ इंच. जॅकेटचं सपाट माप २१ इंच, दुप्पट ४२. दुकानदार म्हणेल, चार इंच सैल आहे. पण लोकरीची जाडी अर्धा इंच असेल तर ४२ मधून २ गेले, राहिले ४०. आत स्वेटर घातला की चेन लागणार नाही. तेच सपाट माप २३ इंच असेल तर ४६ वजा २, म्हणजे ४४. शर्ट, स्वेटर आणि हात हलवायला जागा, सगळं त्यात येतं. माझा हिशेब असा की आतलं माप छातीपेक्षा नुसत्या शर्टावर ४ इंच आणि स्वेटरसकट ६ इंच जास्त हवं. पाव इंच लोकरीच्या डी-१ मधून फक्त १ इंच वजा होतो, म्हणून तेच सपाट माप तिथे जास्त सैल बसतं.

जाडी मोजायची ती खालच्या काठाशी, पट्टी उभी धरून, लोकर न दाबता. पाठीवर आणि खांद्यावर लोकर बसून गेलेली असते, तिथली जाडी फसवी.

बाहीचा हिशेबही असाच, आणि खरा घोळ तिथेच होतो. छातीच्या ४६ मधून २ इंच गेले तर फारसं जाणवत नाही. बाहीच्या १५ मधूनही २ इंचच जातात! सपाट साडेसात इंच असलेली बाही आतून १३ इंचच उरते. दंड १३ चा असेल तर हात आत जाईल, पण कोपर वाकणार नाही. म्हणून विक्रेत्याला छातीआधी बाहीचं माप विचारा. काखेपासून साधारण दोन इंच खाली, बाहीला आडवं. दंडापेक्षा आतलं माप किमान दोन इंच जास्त हवं. छातीला बरोबर बसलेली कितीतरी जॅकेटं याच एका मापापायी कपाटात पडून असतात.

लेबलवरच्या ‘एम’, ‘एल’, ‘४०’ यांवर विसंबू नका. कुणी अंगाचं माप लिहितो, कुणी कपड्याचं. शिवाय अमेरिकी नकलेचा ‘४०’ आणि दिल्लीत शिवलेल्याचा ‘४०’ एकमेकांना ओळखतही नाहीत.

४. कधी आणि कुठे शोधायचं

डिसेंबरात शोधायला निघालात तर विक्रेता अडून बसतो. नागपुरात घ्यायची खरी वेळ फेब्रुवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत. लोकांना कपाट रिकामं करायचं असतं, उकाडा अजून आलेला नसतो, आणि जॅकेट अंगावर चढवून अर्धा तास बसता येतं. एप्रिल-मेमध्ये भाव आणखी उतरतो हे खरं, पण ४३ अंशांत कुठलंही शिअरलिंग घट्टच वाटतं. दुसरी चांगली वेळ ऑगस्ट-सप्टेंबर: लडाखहून परतलेले हौशी बाइकर तेव्हा विकायला काढतात.

जागांचं म्हणाल तर ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस हे मुख्य. शोधताना ‘शिअरलिंग’ एकट्याने चालत नाही. लोक ‘फर जॅकेट’, ‘एअर फोर्स जॅकेट’, ‘विंटर लेदर’, ‘शीपस्किन’ असं काहीही लिहितात. शहरातल्या बाइकर मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये एक निरोप टाकून ठेवा, तिथून मिळालेला माल बहुधा खात्रीचा निघतो. परदेशातून परत आलेल्या ओळखीच्यांना विचारायला लाजू नका; धरमपेठ-लक्ष्मीनगरच्या किती घरांत मुलाचं कॅनडातलं जॅकेट बॅगेत बंद पडलंय! थंडीत बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे लोकरी माल चांगला असतो, पण तो विणलेला आणि नवा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, टांगलेली ‘बॉम्बर’ जॅकेटं बहुतेक रेक्झिनची, आत नकली फर.

परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवणार असाल तर मालाच्या किमतीवर आणि वाहतूक खर्चावर सीमाशुल्क लागतं, कुरियरवाले केवायसीची कागदपत्रं आणि खरेदीची पावती मागतात. माप चुकलं तर परत पाठवणं जवळपास अशक्य. पहिलंच जॅकेट असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

५. भेटायला जाण्याआधी एवढं मागवा

दिवसभर उन्हात कामठी नाहीतर हिंगण्याची चक्कर मारून हात हलवत परत यायचं नसेल तर आधी हा निरोप पाठवा, जसाच्या तसा चालेल:

‘नमस्कार दादा, जॅकेट आवडलं. चेन लावून सपाट ठेवून तीन मापं टेपसकट फोटोत पाठवाल का: काख ते काख, बाही काखेच्या दोन इंच खाली आडवी, आणि खांद्याच्या शिवणीपासून बाहीच्या टोकापर्यंत. कॉलरच्या आतली लोकर, दोन्ही काखा आणि चेनचं खालचं टोक यांचे जवळून फोटो हवेत.’

जो माणूस खरंच विकणार आहे तो पाठवतो. ‘टेप नाही हो’ म्हणणाऱ्याला ए-४ कागद जॅकेटवर ठेवून फोटो काढायला सांगा. कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर असते, त्यावरून अंदाज निघतो. तोही पाठवत नसेल तर नाद सोडा.

६. सोबत काय न्यायचं

– शिंप्याची टेप आणि छोटी पट्टी
– मोबाइलचा टॉर्च चालतो, पण भिंगही असेल तर बरं
– एक टाचणी
– थंडीत तुम्ही खरोखर घालता तो स्वेटर
– हेल्मेट (दुचाकीसाठी घेत असाल तर)
– मापांचा कागद
– सोबत एक माणूस, जो पाठ कशी दिसते ते खरं सांगेल

भेट उजेडात ठेवा. संध्याकाळी सातला ट्यूबलाइटखाली कातड्याच्या भेगा दिसत नाहीत. विक्रेत्याच्या घरी जायचं नसेल तर ओळखीच्या शिंप्याच्या दुकानात भेटा. तिथे टेबल असतं, मोठा आरसा असतो, आणि शिंप्याची नजर फुकटात मिळते. अगदी अनोळखी असेल तर सीताबर्डी मेट्रो स्टेशनसारखी वर्दळीची जागा.

७. कातडं, लोकर, चेन: या क्रमाने तपासा

आधी नाक. जॅकेट उघडून कॉलरशी वास घ्या. जुन्या चामड्याचा, थोडा मेंढीचा वास चालतो. कुबट वास म्हणजे पावसाळ्यात बुरशी येऊन गेली. तो वास लोकरीच्या मुळाशी बसतो आणि निघत नाही. अत्तराचा किंवा फिनाइलचा उग्र वास येत असेल तर कशावर तरी पांघरूण घातलेलं आहे असं समजा.

मग खरं-खोटं. लोकर बोटांनी बाजूला करून मुळाशी टॉर्च मारा. खऱ्या शिअरलिंगला मुळाशी कातडं दिसतं, केस त्यातूनच उगवलेले. नकलीला विणलेलं कापड दिसतं, ओळीत. शंका असेल तर गळलेले दोन केस मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडी लावा: लोकर जळक्या केसांचा वास देते आणि राख बोटांत चुरडते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. चालाख प्रकार म्हणजे बाहेर खरं लेदर, आत नकली फर चिकटवलेली. त्याचा उलगडा खालच्या काठाला किंवा खिशाच्या तोंडाला होतो. तिथे दोन थर वेगळे दिसले की बोलणं संपलं.

कातड्याचा जीव काखेत आणि कोपरावर कळतो. तिथे हळूच घडी करा. बारीक रेषा उठल्या आणि सोडल्यावर मिटल्या तर ठीक. रंगाचे पापुद्रे सुटले तर तो वरचा थर, दिसायला वाईट पण धोक्याचं नाही. पण घडीत करकर आवाज आला किंवा फिकट भेग उघडी राहिली, तर कातडं सुकलंय. मग शिवणी बघा. खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हलका ताण द्या, विक्रेत्याला विचारून. सुईची भोकं लांबट झाली असतील तर टपालाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटणार. टाके पुन्हा घालता येतात. भोकं भरता येत नाहीत. असं जॅकेट फुकट मिळालं तरी नको.

लोकर कुठे बसते? कॉलर, मनगट, काख आणि पाठीवर जिथे बॅग घासते तिथे. दबलेली लोकर ब्रशने थोडीफार उठते. घामाने गुठळ्या झालेली उठत नाही. आणि कसर! लोकरीत नागडे, गोल ठिपके दिसले, मुळाशी वाळूसारखे कण किंवा बारीक रेशमी नळ्या दिसल्या, तर ते जॅकेट घरात आणू नका. आणलंत तर शाली आणि स्वेटरही जातील. टाचणीने केस विंचरून मुळाशी बघा, वरून दिसत नसली तरी तिथे कळते.

शेवटी चेन. पूर्ण खाली नेऊन खालचं टोक खोक्यात बसतं का, रनर अर्ध्यावर अडतो का, हे चार-पाच वेळा करा. रनर बदलून मिळतो, बॅग दुरुस्तीवाले तो लगेच बसवून देतात. अख्खी चेन बदलायची तर गोष्ट वेगळी: घरचं शिलाई मशीन या जाडीवर चालतच नाही. गाडीचे सीट कव्हर शिवणाऱ्यांकडे त्या ताकदीचं मशीन असतं, पण ज्याने आधी शिअरलिंग शिवलंय त्यालाच द्या, कारण जुन्या भोकांतूनच टाका गेला पाहिजे. हा खर्च भाव ठरवताना धरायचा.

८. अंगावर चढवा आणि बसून बघा

आरशासमोर उभं राहून सगळ्यांनाच बरं दिसतं. म्हणून उभं राहणं हा चाचणीचा सर्वांत छोटा भाग.

स्वेटर घालून जॅकेट चढवा, चेन गळ्यापर्यंत लावा. दोन्ही हात समोर करून स्वतःला मिठी मारा. पाठीत ताण आला तर खांदा लहान. मग खुर्चीवर बसून हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. बाही मनगटाच्या हाडावर राहिली पाहिजे. दीड इंच मागे सरकली तर पहाटेचा वारा थेट बाहीत शिरतो. मागून कंबर उघडी पडत नाही ना, हे सोबतच्या माणसाला विचारा. शक्य असेल तर खरंच गाडीवर बसा. हेल्मेट घालून कॉलर उभी करा आणि मान दोन्हीकडे वळवा. बी-३ ची उंच कॉलर फुल फेस हेल्मेटला खालून ढकलते, मागून येणारी गाडी बघायला मान वळत नाही. हा जिवाचा प्रश्न आहे. कॉलर पाडून चालवायची असेल तरच घ्या.

थोडं घट्ट वाटलं तर विक्रेता म्हणणार, ‘लेदर आहे न भाऊ, वापरून वापरून सैल पडते.’ लोकर दबून किंचित जागा होते, हे खरं. खांदा सैल पडत नाही, बाही लांब होत नाही. उलट बाजूने, बाही लांब असेल तर ती दुमडता येते आणि कारागीर ती कापूनही देतो. तेव्हा दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. पण खांद्याची शिवण दंडावर इंचभराहून जास्त उतरत असेल तर तेही नको, जॅकेट लोंबतं आणि वजन मानेवर येतं.

अंगात घालून दहा मिनिटं गप्पा मारा. बी-३ जड असतं. मान भरून आली तर ते शरीराचं म्हणणं ऐका.

९. भाव आणि पैसे

आधी तशाच नव्या नकलेची किंमत बघून ठेवा. निर्दोष जुन्याला निम्मं, एवढी माझी वरची मर्यादा. त्यातून चेन, शिवण, सफाई, जे लागणार असेल ते वजा. एकेक दोष बोट ठेवून दाखवा. सगळं एकदम नावं ठेवलं तर माणूस दुखावतो आणि सौदा मोडतो.

‘वायुसेनेचं ओरिजिनल आहे’ हे वाक्य नागपुरात फार ऐकायला मिळतं. शहरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे ते पटतंही. त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आणि लष्करी बिल्ले लावलेले असतील तर काढून टाका. आपण जवान आहोत असा समज करून देण्यासाठी तसा पोशाख करणं हा गुन्हा आहे.

आता फसवणुकीची ठरलेली रीत. समोरचा सांगतो, मी फौजेत आहे, बदली झाली, म्हणून घाईत स्वस्तात विकतोय. ओळखपत्राचा फोटो पाठवतो. मग ‘गेट पास’ किंवा कुरियरसाठी थोडे पैसे आधी मागतो. किंवा क्यूआर कोड पाठवून म्हणतो, स्कॅन करा, तुमचे टोकनचे पैसे परत येतील. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जाणारच. जॅकेट हातात, मगच पैसे. फसलात तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पैसे यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते, आणि कागदावर दोन ओळी लिहून घ्या: ‘तपकिरी शिअरलिंग जॅकेट एक, वापरलेले, रुपये अमुक घेऊन विकले. वस्तू माझ्या मालकीची आहे.’ नाव, तारीख, सही. कुणी कुरकुर करत नाही, आणि माल चोरीचा निघाला तर हाच कागद कामी येतो.

१०. घरी आणल्यावर

धुवायचं नाही. मशीनमध्ये तर नाहीच. नेहमीच्या ड्रायक्लीनिंगलाही देऊ नका, त्यातली रसायनं कातड्यातलं तेल काढून घेतात. चामड्याचं काम करणारा असेल तरच. पहिले दोन दिवस सावलीत, पंख्याखाली, रुंद हँगरवर टांगून ठेवा. कॉलर तेलकट असेल तर लोकरीवर कॉर्नफ्लोर भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ ब्रशने झाडा.

आजी-काकू खोबरेल तेल चोळायला सांगतील. नाही म्हणा. ते कातड्यातून पार होऊन लोकरीला डाग पाडतं आणि नंतर खवट वास येतो. गुळगुळीत कातड्याला लेदर कंडिशनर, अगदी थोडं, फडक्याने. मखमली म्हणजे स्वेड फिनिश असेल तर तेही नको, फक्त ब्रश.

साठवणीत आपल्याकडची दोन संकटं. पहिलं कूलर. एप्रिल ते जून ज्या खोलीत कूलर चालतो तिथली हवा ओली असते, त्या खोलीच्या कपाटात जॅकेट ठेवू नका. माळ्यावरही नको, स्लॅबखालची उष्णता कातडं सुकवते. दुसरं पावसाळा. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये बुरशी हमखास धरते, म्हणून जुन्या सुती चादरीची खोळ शिवा. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून हँगरला टांगा, लोकरीला टेकू देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरा दिवसांनी काढून, काखेत आणि कॉलरखाली हात फिरवून बघा. ओलसर लागलं तर दिवसभर पंख्याखाली ठेवा आणि खोळ बदला.